पाठीची उंची एक इंच कमी

माझं शिवणकाम आहे. सांगलीच्या गावभागात, घराच्याच पुढच्या खोलीत, सत्तावीस वर्षं झाली. गिऱ्हाइकांची मापं मी वहीत लिहून ठेवते, प्रत्येकीचं वेगळं पान. माझंही एक पान आहे. २०११ साली माझ्याच अक्षरात लिहिलेलं: पाठ १४. २०२२ च्या गौरींना स्वतःसाठी ब्लाउज शिवला, त्याच मापावर बेतला, आणि घातला तर पाठीत चुण्या पडल्या, खालची पट्टी कमरेवर गोळा होऊन बसली. कापताना चुकलं असेल म्हणून जुना ब्लाउज काढला. तोही तसाच. मुलीला म्हटलं, जरा टेप लाव गं. तिने मानेच्या मणक्यापासून टेप धरली आणि म्हणाली, "आई, तेरा येतंय."

मी तिला परत मोजायला लावलं. तेराच.

अंगाने भरलं की घेर वाढतो, वाळलं की कमी होतो, हे माझ्या रोजच्या बघण्यातलं. पण मोठ्या बाईच्या पाठीची उंची आपोआप कमी होत नाही. मणके दबले की ती कमी होते. सत्तावीस वर्षं टेप हातात असलेल्या बाईला हे त्याच दिवशी खटकायला हवं होतं. मी मशीनवर वाकून बसते म्हणून पोक आलं, अशी समजूत घालून घेतली, पट्टी एक इंच वर दुमडली आणि गौरींच्या स्वयंपाकाला लागले.

खरं तर दुखणं त्याच्या पाच वर्षं आधी सुरू झालं होतं. २०१७ च्या उन्हाळ्यात पहिला मूतखडा. आमच्याकडे खडा म्हटलं की घराघरातून सल्ले येतात: पाणी कमी पितेस, टोमॅटो-पालक बंद कर, कुळथाचं कढण घे, पानफुटीचं पान खा. सगळं केलं. खडा पडला. २०२१ मध्ये दुसरा झाला, तो फोडावा लागला. डाव्या बाजूचा निघाला तोवर उजव्या बाजूला बारीक खडे दिसायला लागले होते. एका बाईला पुन्हापुन्हा खडे का होतात, हा प्रश्न तेव्हा मीही विचारला नाही आणि मला कुणी विचारला नाही.

मधे २०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा गावभागातल्या सगळ्यांनी सामान वरच्या मजल्यावर हलवलं. मी कापडाचे गठ्ठे घेऊन जिना चढायला लागले आणि चौथ्या पायरीवर मांड्यांतला जीवच गेला. दुखत नव्हतं. पाय उचलतच नव्हता. शेजारच्या वहिनींनी हाताला धरून वर नेलं. मी तेव्हा ४६ वर्षांची होते. पाणी ओसरलं, चिखल काढला, मशीन धुऊन तेल घालून चालू केली, आणि त्या जिन्याचं विसरून गेले. थकवा आला असेल, पाळी जायचं वय आहे, रक्त कमी असेल. पुढची तीन-चार वर्षं प्रत्येक दुखण्याला ह्यातलंच एक कारण चिकटवलं गेलं.

डिसेंबर २०२२ मध्ये परसात निसरलं म्हणून उजवा हात टेकला. धड पडलेही नव्हते. मनगट मोडलं. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, हाडं ठिसूळ झालीत, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी सुरू करा. मी मन लावून सुरू केलं. शिवाय घरचं: नाचणीची आंबील, तीळ, डिंकाचे लाडू, खारीक घातलेलं दूध. महिन्याभरात तहान इतकी वाढली की रात्री उशाशी तांब्या पुरेना. पोट साफ होईना. तोंडाला चव नाही, अन्न बघितलं की मळमळायचं. वजन सहा किलो उतरलं. आणि मनाला एक जडपण आलं. गिऱ्हाईक समोर उभं आहे, मी हातात खडू धरलेला आहे, आणि काय मांडायचं होतं ते आठवत नाही. घरात कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. मुलगी एकदा रडत म्हणाली, "आई, तू अशी नव्हतीस."

माझी मशीन पायाची आहे. २०२३ च्या पावसाळ्यात उजव्या नडगीत, गुडघ्याच्या चार बोटं खाली, पायडल मारताना ठणका लागायला लागला. हात लावला की एक जागा हुळहुळायची. एक्स-रे काढला. हाडात काळसर पोकळी, पिकल्या पेरूला किडीने आतून खावं तशी. एका ठिकाणी सांगितलं, गाठ आहे, हाडाचा कॅन्सर असू शकतो, वेळ घालवू नका, तुकडा काढून तपासू आणि मुंबईला जा. त्या रात्री आमच्याकडे चूल पेटली नाही. ह्यांनी देवापुढे निरांजन लावलं आणि तिथेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मुलगा मला मिरजेला एका हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. माणूस वयस्कर, बोलणं कमी. त्यांनी नडगीचा एक्स-रे बघितला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "ताई, खडे झालेत का कधी?"

मला नवल वाटलं. नडगी दुखते आणि हे खड्यांचं विचारतात. म्हटलं, दोनदा. मग मनगटाचं विचारलं. तहान, पोट, उंची विचारली. उंचीवर मी ब्लाउजची गोष्ट सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, दोन्ही हातांचे एक्स-रे काढून या, बोटांचे.

ते फोटो त्यांनी दिव्यावर लावले आणि मला जवळ बोलावलं. "तुम्ही कापडाचं काम करता ना? ही कड बघा." तर्जनी आणि मधल्या बोटाचं मधलं पेर. हाडाची एक कड, करंगळीकडची, टाक घातल्यासारखी सरळ आणि पांढरी. अंगठ्याकडची कड मात्र विरलेली, ओव्हरलॉक न केलेल्या कापडाच्या दशा निघाव्यात तशी. मी तो फोटो आजही डोळे मिटून बघू शकते. इतकी वर्षं ज्या बोटांनी सुई धरली त्यांची कड आतून उसवत होती आणि बाहेरून काही दिसत नव्हतं.

ते म्हणाले, हा कॅन्सर नसावा. ह्याला ब्राऊन ट्यूमर म्हणतात. नाव ट्यूमर असलं तरी तो कर्करोग नव्हे. हाड झपाट्याने कुरतडलं गेलं की त्या जागी तंतू आणि मोठमोठ्या पेशी भरतात, आत रक्त झिरपतं, त्यातल्या लोहाने तपकिरी रंग येतो. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर हाडातली एक वेगळी गाठ, जायंट सेल ट्यूमर, हुबेहूब अशीच दिसते. म्हणून रक्त तपासल्याशिवाय ह्या पायाला सुरी लावू द्यायची नाही. कॅल्शियमच्या गोळ्या आजपासून बंद. आणि जिना, बादली, पायडल, सगळं बंद. ह्या जागी हाड केव्हाही मोडेल.

रक्त दिलं. कॅल्शियम १२.६, असायला हवं १०.५ च्या आत. फॉस्फरस १.८, म्हणजे कमी. अल्कलाईन फॉस्फेटेज ८४२, म्हणजे फारच चढलेलं. व्हिटॅमिन डी ९, म्हणजे कमी. आणि पीटीएच नावाची एक तपासणी, जिची वरची हद्द ६५ छापलेली होती, ती माझी आली १,१८०.

त्या संध्याकाळी मुलाने कपाटावरची प्लास्टिकची पिशवी खाली काढली. माझे जुने सगळे रिपोर्ट मी त्यात कोंबलेले. २०१७ च्या खड्याच्या वेळचा कागद सापडला. कॅल्शियम १०.९. पुढे छोटा वर जाणारा बाण. २०२१ चा: ११.४. पुन्हा बाण. दोन्ही कागद डॉक्टरांच्या टेबलावरून गेले होते, दोन्ही मी स्वतः हातात धरून घरी आणले होते. सहा वर्षं तो बाण आमच्या कपाटावर पडून होता. मला राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. खडा बघणाऱ्याने खडा बघितला, मनगट बघणाऱ्याने मनगट. दोन्ही कागद एकमेकांशेजारी कुणी ठेवले नाहीत.

पुढचं समजावून सांगितलं ते हार्मोन्सच्या डॉक्टर मॅडमनी. गळ्यात थायरॉईड ग्रंथी असते हे बायकांना माहीत असतं. तिच्या मागच्या अंगाला, बहुतेकांना चार, मसुराच्या दाण्याएवढ्या पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. नाव सारखं, जागा शेजारची, पण थायरॉईडशी त्यांच्या कामाचा काही संबंध नाही. त्यांचं काम एकच, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं. कॅल्शियम जरा उतरलं की त्या पीटीएच नावाचं हार्मोन सोडतात. पीटीएच हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतं, मूत्रपिंडाला सांगतं की कॅल्शियम राख आणि फॉस्फरस टाक, आणि व्हिटॅमिन डीला कामाला लावून आतड्यातून जास्त कॅल्शियम ओढून घेतं. रक्तात पुरेसं झालं की ग्रंथी थांबतात. माझ्या चारांपैकी एक ग्रंथी थांबायचं विसरली होती. दहातल्या आठ-साडेआठ जणांत अशी एकच ग्रंथी बिघडलेली असते, साधी गाठ झालेली.

मी विचारलं, मॅडम, हाडं ठिसूळ झाली म्हणजे कॅल्शियम कमी पडलं ना? मग रक्तात जास्त कसं?

त्या कोल्हापूरकडच्या, पण सांगलीत बरीच वर्षं राहिलेल्या. म्हणाल्या, "पुरात तुम्ही आयर्विन पुलाचे फूट बघता की नाही? चाळीस झाले, पंचेचाळीस झाले. पुलाशी पाणी वाढलं म्हणून कोयनेत पाणी वाढलं असं असतं का? दरवाजे उघडले की पुलाशी आकडा चढतो आणि धरण उतरतं. तुमचं रक्त म्हणजे पूल. हाडं म्हणजे कोयना. शरीरातलं शंभरातलं नव्व्याण्णव भाग कॅल्शियम हाडांतच साठलेलं असतं, सगळं मिळून किलोभर. तुमच्या धरणाचे दरवाजे सहा वर्षं उघडे आहेत."

हे ऐकल्यावर मला कुणी काही परत समजवावं लागलं नाही. गावभागातल्या माणसाला आकडा कुठला आणि पाणी कुठलं हे पाठ असतं.

हाडांत नेमकं काय होतं तेही मी खोदून विचारलं, कारण मला ते कळल्याशिवाय झोप येत नव्हती. हाड म्हणजे दगड नाही. त्यात जुनं उसवणाऱ्या पेशी असतात आणि नवं घालणाऱ्या असतात, जन्मभर दोघींचं काम चालू. गंमत अशी की पीटीएच उसवणाऱ्या पेशींशी थेट बोलत नाही. ते बांधणाऱ्या पेशींना भेटतं आणि त्या उसवणाऱ्यांना हाक मारतात. हार्मोन सतत चढं राहिलं की उसवण पुढे पळते आणि शिवण मागे राहते. घाईघाईने भरलेलं हाड कच्चं असतं, त्यात चुना पुरेसा बसत नाही. अल्कलाईन फॉस्फेटेजचा माझा आकडा एवढा का चढला होता ते तेव्हा कळलं: बांधणाऱ्या पेशी जिवाच्या आकांताने काम करत होत्या. आमच्या ओळीतल्याच एका आजींना हाडं भरून यावीत म्हणून रोज एक इंजेक्शन चालू होतं, टेरिपॅराटाईड. ते ह्याच हार्मोनचा तुकडा आहे. रोज एकदा, थोडा वेळ चढून उतरलं तर तेच हार्मोन हाड बांधतं. दिवसरात्र चढं राहिलं तर तेच पोखरतं. हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसले होते.

मग हाडांची घनता मोजली, डेक्सा. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. मॅडमनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: कंबर, खुबा आणि मनगटाकडचा हात, तिन्ही. सेंटरवरच्या मुलाने नेहमीप्रमाणे कंबर आणि खुबा घेतला आणि उठा म्हणाला. मी चिठ्ठी दाखवली तेव्हा त्याने हात घेतला. कंबर उणे ३.१, खुबा उणे ३.०, हात उणे ४.६. उणे अडीचच्या खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस धरतात. ह्या आजारात हाडाचं बाहेरचं टणक कवच जास्त झिजतं, आतला जाळीदार भाग त्यामानाने तग धरतो. मनगटाच्या वरचं हाड जवळजवळ सगळं कवचच असतं, म्हणून खरा तोटा तिथे दिसतो. त्या दिवशी हात मोजला नसता तर कागदावर माझा आजार होता त्यापेक्षा सौम्य दिसला असता.

चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवून दिली. त्यात कॅल्शियम भरपूर जातंय ना ते बघतात, कारण एका आनुवंशिक प्रकारात रक्तात कॅल्शियम चढं असतं पण लघवीत उतरत नाही, आणि त्यांना ऑपरेशनचा काही उपयोग नसतो. भीतीने मी दूधही सोडलं होतं, ते मॅडमनी परत सुरू करायला लावलं. जेवणातलं कॅल्शियम तोडलं तर ती ग्रंथी हाडातून आणखी ओढेल, म्हणाल्या. व्हिटॅमिन डी हळूहळू, रक्त तपासत तपासत भरून काढलं. पाणी भरपूर.

ऑपरेशन पुण्याला ठरलं. पैशाची जुळवाजुळव भिशीतून आणि मुलीच्या नावच्या ठेवीतून झाली, त्यावर जास्त लिहीत नाही. जानेवारी २०२४ मध्ये कोयना एक्सप्रेसने निघालो. वॉकर घेऊन डब्यात चढताना हे मागे दोन्ही हात पसरून उभे होते, जणू काचेचं भांडं चढवतायत. भिलवडी, किर्लोस्करवाडी, ताकारी, बाहेर ऊसतोड चाललेली. मी नडगीवर शाल गुंडाळून, पाय समोरच्या बाकावर ठेवून बसले होते. गाडीने रूळ बदलला की जीव पायात जायचा.

तिथे गळ्याची सोनोग्राफी झाली आणि सेस्टामिबी स्कॅन. त्यात शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देतात, थोड्या वेळाने एक फोटो आणि दीड-दोन तासांनी दुसरा. थायरॉईडमधून औषध निघून जातं, बिघडलेल्या पॅराथायरॉईडमध्ये रेंगाळतं. दुसऱ्या फोटोत सगळा गळा विझलेला आणि डावीकडे खाली एकच ठिपका जळत होता. दोन्ही तपासण्यांनी एकच जागा दाखवली म्हणून सर्जननी सांगितलं की लहान छेद पुरेल.

ही ग्रंथी शोधणं नेहमी असं सोपं नसतं. माझ्या मुलाने वाचून मला अमेरिकेतल्या चार्ल्स मार्टेल नावाच्या जहाजाच्या कप्तानाची हकिगत सांगितली होती. उंच गडी, ह्याच आजाराने त्याची उंची सात इंच कमी झाली. गळ्यात पुन्हापुन्हा ऑपरेशनं करूनही गाठ सापडेना. शेवटी १९३२ साली सातव्या ऑपरेशनात ती छातीत सापडली. पण मूत्रपिंडं तोवर गेली होती, आणि काही आठवड्यांत तो वारला. माणसाच्या शरीरातल्या ह्या ग्रंथींचं नीट वर्णन १८८० मध्ये सँडस्ट्रॉम नावाच्या स्वीडनमधल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने केलं होतं. म्हणजे ग्रंथी माहीत झाल्यावरही पन्नास वर्षांनी माणूस असा जात होता. मी माझ्या एका इंचाचा विचार करत होते आणि त्याचे सात इंच डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

ऑपरेशनचं मला फार सांगता येणार नाही, मी झोपेत होते. टेबलावर घेताना भूलतज्ज्ञ बाईंनी मान मागे वळवायच्या आधी दोनदा मणक्यांचा एक्स-रे बघितला, ते आठवतं. मधेच रक्त घेऊन पीटीएच तपासलं. हे हार्मोन रक्तात काही मिनिटंच टिकतं, म्हणून दोषी ग्रंथी निघाली की दहा मिनिटांत आकडा निम्म्याच्या खाली यायला हवा. काढायच्या आधी १,२४०, दहा मिनिटांनी १६०. मुलीला बाहेर बोलावून गाठ दाखवली. ती सांगते, चांगली मोठी खारीक असावी तेवढी, तांबूस तपकिरी. वजन ४ ग्रॅम भरलं. निरोगी ग्रंथी एका ग्रॅमच्या वीस-पंचविसाव्या हिश्श्याएवढीही नसते.

मला वाटलं, सुटले. खरी परीक्षा पुढे होती.

दुसऱ्या रात्री ओठांभोवती मुंग्या आल्या. मग बोटांच्या टोकांना, सुई टोचल्यासारख्या. नर्सने सांगून ठेवलं होतं, मुंग्या आल्या तर लाजू नका, लगेच हाक मारा. तिने रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला बांधून फुगवला आणि तसाच धरून ठेवला. दोनेक मिनिटांत माझा हात माझा राहिला नाही. मनगट आत वळलं, अंगठा तळव्यात गेला, चारी बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली. कासारीण बांगड्या भरताना हात जसा निमुळता करते, अगदी तसा, फक्त कुणी धरलेला नसताना. मी दुसऱ्या हाताने बोटं सोडवायला गेले, सुटेनात. डॉक्टरांनी कानापुढे गालावर बोटाने टकटक केलं, तर ओठाचा कोपरा आपोआप उडाला. कॅल्शियम ७.१ झालं होतं.

ह्याला हंग्री बोन म्हणतात, भुकेली हाडं. मॅडमनी आधी बजावलं होतं. सहा वर्षं लुटलेल्या हाडांवरचा दाब एकदम उठला की बांधणाऱ्या पेशी दिसेल तेवढं कॅल्शियम आत ओढतात. ज्यांचं अल्कलाईन फॉस्फेटेज चढलेलं, डी कमी, हाडं फार झिजलेली, त्यांना हे जास्त होतं. माझ्यात तिन्ही होतं. शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट, अगदी सावकाश, छातीला हृदयाच्या ठोक्यांच्या तारा लावून. चार दिवस ती बाटली उतरली नाही. दिवसाला कॅल्शियमच्या बारा गोळ्या, शिवाय कॅल्सिट्रिऑल, म्हणजे कामाला लागलेलं तयार व्हिटॅमिन डी, आणि मॅग्नेशियम. आदल्या वर्षी त्याच गोळ्यांनी मी आडवी झाले होते, आणि आता त्याच मला वाचवत होत्या. रात्री तीन वाजता बाटलीतून थेंब पडताना बघत मी मनात म्हणायचे, जाऊ दे, जाऊ दे आत, भरू दे. मला माझ्या हाडांची इतकी माया आधी कधी वाटली नव्हती.

अकराव्या दिवशी घरी सोडलं. गोळ्या हळूहळू कमी होत पाच महिने चालल्या, दर पंधरवड्याला रक्त.

मनावरचं जडपण सगळ्यात आधी गेलं, पहिल्याच दोन आठवड्यांत. एका सकाळी मी बसल्या जागी एका ब्लाउजचं पूर्ण बेतणं डोक्यात मांडलं, टक्ससकट, आणि मुलीला हाक मारून तेच सांगितलं. तहान गेली. मांड्यांत बळ यायला दोन महिने लागले. नडगीतली पोकळी सहा महिन्यांच्या एक्स-रेत कडेने पांढरी दिसायला लागली, वर्षाने बरीचशी भरली. तिला कुणी हात लावला नाही, ती आपणच भरून आली. अल्कलाईन फॉस्फेटेज आधी थोडं चढलं, मी घाबरले, पण ते बांधकामाचं चढणं होतं, पुढे ११० वर आलं.

वर्षानंतरची डेक्सा: कंबर उणे २.३, खुबा उणे २.२, हात उणे ४.०. जाळीदार हाड लवकर भरतं, कवच सावकाश, आणि ते पूर्वीसारखं होईलच असं मॅडम म्हणत नाहीत. म्हणून उजव्या हाताने मी अजून भरलेली बादली उचलत नाही. मशीनला मोटर बसवली. जाड कापड मुलगी कापते. मूत्रपिंडातले जुने खडे आहेत तिथेच आहेत, नवा मात्र झालेला नाही. कॅल्शियम ९.४, पीटीएच ४८.

दबलेले मणके परत उंच होत नाहीत. माझ्या पानावर १४ खोडून १३ लिहिलं, शेजारी तारीख टाकली. आता पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पाठीच्या मापाशेजारी तारीख टाकते आणि जुनं माप खोडत नाही. गेल्या दिवाळीत एका काकूंची पाठ चार वर्षांत साडेचौदाची पावणेचौदा भरली. मी टेप गळ्यात टाकून त्यांना खुर्चीवर बसवलं, चहा केला आणि विचारलं, खडे झालेत का कधी. एक झाला होता. कॅल्शियम तपासा म्हटलं, आणि सोबत जुने कागद घेऊन जा, सगळे, एकत्र. त्यांचं कॅल्शियम ९.३ निघालं, पीटीएचही ठीक. पण डेक्सात कंबर उणे २.८ होती, त्यावर औषध सुरू झालंय. ब्लाउज त्यांचा पावणेचौदालाच कापला. पुढचं माप पुढच्या दिवाळीला घेणार आहे.